झाकण बंद असू द्या

लेसर मशीन बसवून देणं, चालवायला शिकवणं आणि बंद पडलं की जाऊन दुरुस्त करणं, यात माझ्या उमेदीची वर्षं गेली. मुक्काम नागपूरला, पण पायाला भिंगरी. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीतले शेड, कळमेश्वरचे कारखाने, कधी अमरावती, कधी चंद्रपूर. मी या कामात आलो तेव्हा लेसर म्हटलं की मोठा कारखाना नाहीतर कॉलेजची प्रयोगशाळा डोळ्यासमोर यायची. आता सीताबर्डीला ट्रॉफीवर नाव कोरणाऱ्याकडे लेसर आहे, इतवारीच्या सराफ्यात हॉलमार्किंग सेंटरमध्ये आहे, लग्नपत्रिकेची जाळी कापणाऱ्याकडे आहे आणि गेट-रेलिंग बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडेही आहे. मशीन घेताना लोक किंमत विचारतात, किती जाडीचा पत्रा कापेल ते विचारतात, वीजबिल किती येईल ते विचारतात. डोळ्यांचं काय, असं विचारणारा क्वचित भेटतो. म्हणून हे लिहितो आहे.

इतक्या वर्षांत मनाशी पक्की झालेली गोष्ट एकच: लेसरपाशी माणसाच्या सावधपणावर भिस्त ठेवता येत नाही. सुरक्षितता मशीनच्या पेटीत, दारात, कुलपात आणि खोलीच्या मांडणीत असावी लागते. ती तिथे नसेल तर कितीही जाणता ऑपरेटर एक दिवस फसतो.

याचं कारण आपल्या शरीरात आहे. तवा तापला की हात आपोआप मागे येतो, सूर्याकडे पाहिलं की डोळे मिटतात, वेल्डिंगचा झगझगाट दिसला की मान वळते. मशीनवर काम करणारा माणूस नकळत याच भरवशावर असतो. पण धातू कापणाऱ्या आणि धातूवर अक्षरं कोरणाऱ्या फायबर लेसरची तरंगलांबी १०६४ ते १०८० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि आपल्याला साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश दिसतो. झोत दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे दुखतही नाही. आणि ४०० ते १४०० नॅनोमीटरमधला कुठलाही झोत डोळ्याचं भिंग सरळ आत घेतं आणि पडद्यावर एका टिंबात गोळा करतं. डोळ्याच्या पृष्ठभागावर असलेली तीव्रता पडद्यावर पोहोचेपर्यंत सुमारे एक लाख पट होते. ज्या भिंगाच्या जोरावर आपण बारीक अक्षर वाचतो, तेच इथे घात करतं.

सगळ्यात मोठा गैरसमज लाल ठिपक्याचा. मार्किंग मशीनमध्ये कोरीव काम कुठे होणार ते दाखवायला एक छोटा लाल डायोड बसवलेला असतो. नवा ऑपरेटर त्या ठिपक्यालाच लेसर समजतो. इतवारीतल्या एका सेंटरवर मी मशीन तपासायला गेलो होतो. ऑपरेटर पोरगा अंगठीवर अगदी नाक टेकेल इतका वाकला होता आणि मशीन कोरत होतं. मी आधी इमर्जन्सीचं बटण दाबलं, मग त्याच्याशी बोललो. तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, लाल तर बंद आहे ना.” त्याच्या दृष्टीने लाल बंद म्हणजे लेसर बंद. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की लाल ठिपका फक्त जागा दाखवतो आणि खरं काम करणारा झोत त्याला कधीच दिसणार नाही.

सोन्याच्या कामात हा धोका आणखी वाढतो. २०२१ मध्ये हॉलमार्किंग सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. त्यामुळे सेंटरवर दिवसभर एकामागून एक दागिना लेसरखाली जातो. चकचकीत सोनं हे अवरक्त किरण बहुतेक सगळे परत फेकतं, आणि अंगठी काय, बांगडी काय, गोल असल्यामुळे ते कुठल्या दिशेला जातील ते सांगता येत नाही. पत्रा कापणारं दोन-तीन किलोवॅटचं मोठं मशीन पाहून लोक दबकतात, लांब उभे राहतात. पण ते बहुधा पूर्ण बंद पेटीत असतं. टेबलावर उघडं बसवलेलं वीस वॅटचं मार्किंग मशीन पाहून कुणी दबकत नाही, खुर्ची ओढून समोर बसतात. माझ्या अनुभवात डोळ्यांना जास्त धोका या छोट्या मशीननेच आहे.

हे मला माहीत होतं, पण खऱ्या अर्थाने अंगावर आलं ते आईच्या निमित्ताने. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही वर्षांनी तिची नजर पुन्हा धूसर झाली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं की बसवलेल्या भिंगामागचं पटल गढूळ झालंय, याग लेसरने उघडून देऊ, पाच मिनिटांचं काम आहे. आत कुणाला येऊ दिलं नाही, दार लावलं, बाहेरचा दिवा लागला. नंतर मी डॉक्टरांना माझा व्यवसाय सांगितला आणि आकडे विचारले. तरंगलांबी १०६४. एका पल्सची ऊर्जा दीड-दोन मिलिज्यूल. नेम नेमका त्या पटलावर धरतात, पुढे पडद्याकडे जाताना झोत पसरतो आणि पडदा सुरक्षित राहतो. मोजून थोडे पल्स दिले की काम झालं.

बाहेरच्या बाकावर बसून मी हिशेब केला. वीस वॅटचं मार्किंग मशीन वीस किलोहर्ट्झवर लावलं तर एका पल्समध्ये एक मिलिज्यूल येतो, आणि असे वीस हजार पल्स एका सेकंदात. तीच तरंगलांबी, जवळपास तितकीच ऊर्जा. तिकडे शिकलेले डॉक्टर दार लावून एकेक पल्स मोजतात आणि इकडे दहावी झालेला पोरगा कुठल्याही आडोशाशिवाय आठ तास त्याच्या समोर बसतो. त्या दिवसापासून उघडं मार्किंग मशीन बसवून देऊन परत येणं मला जमेनासं झालं. गिऱ्हाइकाने पेटीचे पैसे द्यायला नाही म्हटलं तर मी काम सोडलं आहे, आणि त्याचं नुकसानही सोसलं आहे.

डोळ्याला इजा झालेला माणूस मला एका शेडमध्ये भेटला. तो मशीनच्या झोताची जुळवणी, जिला आम्ही अलाइनमेंट म्हणतो, ती करत असताना डोक्यात ‘टक्’ असा बारीक आवाज झाल्यासारखं वाटलं, एवढंच त्याला आठवत होतं. दुखलं नाही, लाल झालं नाही, पाणी आलं नाही. काम चालू राहिलं. बऱ्याच दिवसांनी डोळ्यात कचरा गेला म्हणून एक डोळा मिटला, तेव्हा समोरच्या माणसाचा चेहराच दिसेना. कान दिसत होते, केस दिसत होते, मधे राखाडी धब्बा. दुसऱ्या डोळ्याने तोवर सगळं सांभाळून घेतलं होतं. आपला मेंदू अशी उणीव इतक्या सफाईने भरून काढतो की माणसाला पत्ताच लागत नाही. डॉक्टरांनी पडद्याचा स्कॅन काढला, बरोबर मध्यभागी जखम निघाली. तिथल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. चष्म्याचा नंबर वाढवून किंवा ऑपरेशन करून भरून निघेल असं ते नुकसान नव्हतं. तो आजही काम करतो, पण सुईत दोरा ओवणं, व्हर्निअर वाचणं त्याला त्या डोळ्याने जमत नाही.

तेव्हापासून माझ्या बॅगेत चौकटींचा एक छापील कागद असतो. आडव्या-उभ्या रेघा, मधोमध एक टिंब. डोळ्यांचे डॉक्टर हाच कागद वापरतात. वाचायचा चष्मा असेल तर तो लावून कागद हातभर अंतरावर धरायचा, एक डोळा झाकायचा, टिंबाकडे बघायचं. मग दुसरा डोळा. रेघा कुठे वाकड्या दिसल्या, चौकटी कुठे गळाल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. लेसरवर बसणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी नेमाने करावी, आणि नोकरीला लागतानाच डोळ्यांची एक पक्की तपासणी करून तिची फाईल जपून ठेवावी.

सुरक्षिततेबद्दल बोलताना नागपूरचा उन्हाळा विसरून चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. अशा वेळी डोळ्यांना गच्च बसणारा सेफ्टी चष्मा घामाने निथळतो, काचेवर वाफ धरते, आणि दहा मिनिटांत तो कपाळावर चढतो. अशाच एका दुपारी हिंगण्याला गेलो तर झाकण उघडं आणि मशीन चालू. झाकण उघडलं की मशीन थांबलंच पाहिजे, त्यासाठी कडेला स्विच असतो, त्याला इंटरलॉक म्हणतात. वाकून पाहिलं. फ्रिजच्या दाराच्या रबरातली चुंबकाची पट्टी बोटभर कापून, काळ्या टेपने त्या स्विचवर चिकटवली होती. स्विचला झाकण कायम बंदच वाटत होतं. टेपच्या कडांवर धूळ जमून घट्ट झाली होती, म्हणजे ही सोय बरीच जुनी होती.

ऑपरेटर वयाने मोठा आणि कामाला पक्का माणूस होता. म्हणाला, “पाहा ना साहेब, झाकण लावलं तर आतमधी काही दिसत नाही. कट आरपार गेला का नाही कसं समजंल? आणि गरमी किती होऊन राहिली!” चुंबक काढून खिशात घालून मी येऊ शकलो असतो, पण संध्याकाळपर्यंत तिथे दुसरा लागला असता. मी मालकांना बसवून सांगितलं की हा माणूस बेफिकीर नाही, त्याच्या दोन अडचणी आहेत. पेटीत दिवा लावा आणि बघायची खिडकी योग्य काचेची करा, म्हणजे त्याला कट दिसेल. धुराचा पंखा मोठा बसवा आणि कूलरचा झोत त्याच्या पाठीवर येईल असा फिरवा, थेट मशीनवर नको, कारण ओल्या हवेने भिंगावर दव धरतं. हे केल्यावर पुढच्या भेटींत झाकण बंद दिसलं. सुरक्षिततेची सोय कुणी निकामी केलेली दिसली की आधी ती का केली ते शोधायचं, हे मी तिथे शिकलो. रागावून फार थोडं साधतं.

खिडकीच्या काचेचा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा. लाकूड, अ‍ॅक्रिलिक, कापड कापणारं सीओटू मशीन वेगळ्या जातीचं. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, फायबरच्या दहापट. या लेसरचे जनक चंद्र कुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये आपल्या बारामतीचा. पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि बेल लॅब्जमध्ये १९६४ मध्ये त्यांनी हा लेसर घडवला. नव्या ऑपरेटरला मी हे आवर्जून सांगतो. आपल्या मातीतल्या माणसाची गोष्ट निघाली की पोरं कान देऊन ऐकतात. तर हा झोत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचत नाही. बाहेरच्या पारदर्शक बुबुळावरच शोषला जातो आणि तिथेच भाजतो. साध्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाने तो अडतो. नेमकी इथेच पुढची फसगत होते. सीओटूवर वर्षानुवर्षं काम केलेला दुकानदार फायबर मशीन घेतो आणि त्यालाही तसंच स्वच्छ अ‍ॅक्रिलिक लावतो. फायबरचा झोत त्या अ‍ॅक्रिलिकमधून आरपार जातो.

चष्म्याचंही तसंच. मशीनसोबत आलेला हिरवा किंवा तांबडा प्लास्टिकचा चष्मा म्हणजे संरक्षण, असं धरून चालू नका. खऱ्या चष्म्यावर तो कोणत्या तरंगलांबीसाठी आहे आणि त्याची ओडी, म्हणजे झोत अडवण्याची क्षमता, किती, हे छापलेलं असतं. ओडी ६ म्हणजे दहा लाखांतला एकच भाग पलीकडे जातो. मशीनवरचा तरंगलांबीचा आकडा चष्म्यावरच्या पट्ट्यात बसला पाहिजे. आकडा छापलेला नसेल तर तो चष्मा लेसरसाठी नाही. आणि मशीनवर वर्ग लिहिलेला असतो, तोही वाचा. आपल्याकडे यासाठी आयएस १४६२४ हे मानक आहे. वर्ग १ म्हणजे नेहमीच्या वापरात डोळ्याला धोका नाही, वर्ग ४ म्हणजे अर्ध्या वॅटच्या वर, जिथे परावर्तित झोतसुद्धा इजा करतो. हेच वर्ग ४ चं मशीन चांगल्या बंद पेटीत बसवलं की वापरणाऱ्यासाठी वर्ग १ होतं. झाकणाची किंमत ती हीच.

सीओटू मशीनवर माणसं बहुतेक झोताने जखमी होत नाहीत. धूर, आग आणि वीज यांनी होतात. बोर्ड बनवणारे सनबोर्ड आणतात, सीट कव्हरवाले रेक्झिन आणतात. यातलं बरंचसं पीव्हीसी असतं. ते लेसरखाली जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं. एका दुकानात नव्या मशीनच्या पोलादी पट्ट्या काही महिन्यांत तांबूस झाल्या म्हणून मला बोलावलं. मी मालकाला मशीनबद्दल नंतर सांगितलं, आधी विचारलं की मशीनवर बसणाऱ्या मुलाचा खोकला कधीपासून आहे. जे लोखंड खात होतं ते त्याच्या छातीतही जात होतं. ओळखण्याची सोपी रीत आहे: तांब्याची तार गॅसवर लाल करायची, तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, ते लेसरखाली घालायचं नाही. परीक्षा उघड्यावर, एका बारीक तुकड्यावर करावी.

आगीबद्दल एकच नियम: मशीन चालू असताना चहाला जायचं नाही. अ‍ॅक्रिलिक पेटलं की ज्योत आधी बोटभर असते आणि पाहता पाहता भिंगापर्यंत पोहोचते. माणूस समोर असेल तर एक बटण पुरतं. आणि वीज? सीओटूच्या काचेच्या नळीला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. अर्थिंग नीट नसेल तर मशीनचं अंगच धोक्याचं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि कागदावर असलेलं अर्थिंग प्रत्यक्षात राहत नाही. म्हणून मार्च लागला की खड्ड्यात पाणी घाला आणि इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घ्या.

अलीकडे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हातात धरून चालवायच्या लेसर वेल्डिंगची. हजार-दीड हजार वॅटची बंदूक, काम सफाईदार, शिकायला सोपी, म्हणून गेटवाल्यांनी भराभर घेतल्या. काम चालतं रस्त्याकडेला, स्टीलच्या चकचकीत पाइपवर, आणि येणारी-जाणारी पोरं उभी राहून बघतात. आर्क वेल्डिंगची काळी काच या तरंगलांबीसाठी तपासलेली नसते. नोझल कामाला टेकल्याशिवाय झोत सुटू नये म्हणून एक क्लॅम्प दिलेला असतो. तो लोक बंदुकीलाच अडकवून ठेवतात. माझं सांगणं एवढंच की चारही बाजूंनी पत्र्याचा आडोसा आणि दाराला स्विच असल्याशिवाय ही बंदूक चालवू नये. चालवणाऱ्याने चष्मा लावला तरी रस्त्याने जाणाऱ्याला तो नसतो.

आणि रस्त्याचा विषय निघालाच आहे तर मिरवणुकीचंही सांगतो. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमधल्या नेत्रतज्ज्ञांकडे पडद्याला इजा झालेले तरुण आले आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात लेसर बीमच्या दिव्यांवर बंदी घातली. हे दिवे आमच्या मशीनचेच भाऊबंद, काही वॅटचे, पण ना पेटी, ना झाकण, आणि समोर हजारो डोळे. झोत भराभर फिरत असतो तोवर एका डोळ्यावर क्षणभरच पडतो. फिरवणारी यंत्रणा अडकली की तोच एका जागी थांबतो. मंडळाची पोरं माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना हात जोडून सांगतो, लोकांवर लेसर सोडू नका, आकाशातही सोडू नका, सोनेगावला उतरणाऱ्या विमानाच्या पायलटलाही डोळे आहेत.

आता मशीन बसवल्यावर मी चावी लगेच देत नाही. प्रत्येक ऑपरेटरने माझ्यासमोर चालू मशीनचं झाकण उघडून ते थांबतं हे पाहायचं, इमर्जन्सी दाबून पाहायची, चष्म्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं. अलाइनमेंटच्या वेळी खोलीत एकच माणूस आणि दाराला कडी. हे सगळं झालं की चावी मालकाच्या हातात, आणि काम संपलं की ती मशीनमधून काढून ठेवायची.

आयटीआयमध्ये पोरांना पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं गेलं पाहिजे. पण खरी जबाबदारी पैसे मोजणाऱ्याची आहे. ऑपरेटर थकेल, घाई करेल, उन्हाने हैराण होईल. माणूस आहे, होणारच. तो थकलेला असतानाही सुरक्षित राहावा अशी पेटी मालकानेच विकत घ्यायची असते. म्हणून मशीन घ्यायला निघालात की कोटेशनमध्ये पहिली ओळ बंद पेटीची आणि इंटरलॉकची लिहून घ्या. किती वॅट घ्यायचं ते त्यानंतर ठरवा.